विज्ञान, हस्तकला आणि कला यांना पाठबळ देणारा न्यास कसा उभारावा आणि कसा चालवावा

मिरजेचा तंबोरा तीन वेगवेगळ्या विद्यांवर उभा असतो. पंढरपूर-मंगळवेढा भागातून आलेला भोपळा सुकवून, त्याला लाकडी दांडी जोडून, शेवटी घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसेने घासत जवारी, म्हणजे तारेची गुंजणारी आस, काढणारा कारागीर ही पहिली बाजू. त्या जवारीच्या नादात रोज पहाटे षड्ज लावून बसणारा गायक ही दुसरी. तंबोऱ्याची घोडी सपाट-वक्र असते आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवलेला असतो, म्हणून तारेतून जे उपस्वर (मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर) सर्वसाधारण नियमाप्रमाणे निघूच नयेत तेही निघतात, हे १९२१ मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात दाखवले. ही तिसरी बाजू.

या तिघांनाही पैसा लागतो, पण तो एकाच प्रकारचा नसतो. कारागिराला हंगामात भोपळे आणि लाकूड घेऊन ठेवण्यासाठी भांडवल लागते आणि पुढच्या वर्षीही वाद्याला गिऱ्हाईक असेल याची खात्री लागते. गायकाला अनेक वर्षांची निश्चिंती लागते. संशोधकाला जागा, उपकरण आणि मनासारखा निष्कर्ष न निघण्याचीही मुभा लागते. आपल्याकडील बऱ्याच लहान न्यासांची गाडी इथेच अडते. तिघांसाठी एकच अर्ज, एकच वार्षिक रक्कम आणि एकच समारंभ ठरवला जातो, आणि काही वर्षांतच सारे कार्य शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह यांवर येऊन थांबते. आई-वडिलांच्या स्मरणार्थ, निवृत्तीनंतर किंवा मित्रमंडळींनी मिळून असा न्यास महाराष्ट्रात उभारण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत. उदाहरणे बहुतांशी टाटा न्यासांची आहेत, कारण या तिन्ही क्षेत्रांत दीर्घकाळ पैसा घालणाऱ्या भारतीय संस्थांपैकी त्यांचा व्यवहार सर्वांत चांगला नोंदला गेला आहे. त्यांचा आवाका आपल्याला झेपणारा नाही, पण त्यांच्या निर्णयांमागची पद्धत उचलता येते.

पहिली पायरी : रकमेआधी मदतीचे रूप ठरवा

कोलकात्यात डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये लोकांच्या देणग्यांवर विज्ञान संवर्धनाची एक संस्था काढली. सरकार यांच्या निधनानंतर तिथे फारशी वर्दळ उरली नव्हती. १९०७ मध्ये वित्त खात्यात नोकरीला लागलेले तरुण रामन तिथे आले आणि कचेरीच्या आधी व कचेरी सुटल्यावर प्रयोग करू लागले. संस्थेकडून त्यांना मिळाली ती प्रयोगशाळा. पोटापाण्याची सोय नोकरीने केलेली होती. पुढे तारकनाथ पालित यांच्या देणगीतून कलकत्ता विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे अध्यासन निर्माण झाले आणि १९१७ मध्ये ते स्वीकारून रामन यांनी सरकारी नोकरी सोडली. या दोन देणग्यांची जात निराळी होती. पहिलीने जागा आणि साधने दिली, दुसरीने पूर्ण वेळ दिला, आणि त्यांचा क्रमही योग्य पडला. ज्याचे काम अजून सिद्ध झालेले नाही त्याला साधने द्यावीत आणि ज्याचे सिद्ध झाले आहे त्याला वेळ द्यावा, हा ढोबळ नियम लहान न्यासालाही उपयोगी पडतो.

म्हणून पहिल्या बैठकीत ‘किती द्यायचे’ हा प्रश्न बाजूला ठेवून एक यादी करावी. जागा, उपकरण, कच्चा माल, खेळते भांडवल, पाठ्यवृत्ती, प्रवासखर्च, दस्तऐवजीकरण, खरेदीची आगाऊ मागणी, प्रयोगासाठी सभागृह : यांपैकी आपल्या भागात कशाची खरी टंचाई आहे, हे प्रत्यक्ष वीस-पंचवीस जणांना भेटून लिहून काढावे. यात तीन-चार महिने गेले तरी ते वाया जात नाहीत. पुष्कळदा असे आढळते की ज्या गोष्टीसाठी आपण पैसे देणार होतो तिच्यासाठी सरकारी योजना आधीच आहे आणि नेमकी शेजारची गरज मोकळी राहिली आहे.

दुसरी पायरी : उद्देशाचे कलम नीट लिहा

१९३२ या एकाच वर्षी टाटा घराण्यात दोन अगदी वेगळ्या प्रकारचे न्यास झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. त्यांच्या नावाच्या न्यासाने त्याच रोगावरील संशोधनाला मदत करण्याचे काम घेतले आणि जगभरच्या संशोधकांना तो आजही त्याच विषयासाठी साहाय्य देतो. दुसरा खुद्द सर दोराबजी यांचा न्यास. त्याचे उद्देश इतके मोकळे ठेवलेले होते की त्यातून १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था, १९४१ मध्ये परळचे कर्करोग रुग्णालय आणि १९४५ मध्ये मूलभूत संशोधनाची संस्था उभी राहू शकली.

ज्याच्याकडे मोठा निधी आणि पूर्णवेळ जाणकार कर्मचारी आहेत, त्याला मोकळे उद्देश परवडतात. लहान न्यासाने विषय अरुंद आणि मार्ग रुंद ठेवावेत, असे माझे मत आहे. उदाहरणार्थ, ‘सांगली, सातारा आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील तंतुवाद्यनिर्मिती, त्या वाद्यांवर आधारलेले संगीत आणि ध्वनिशास्त्र यांच्या संवर्धनासाठी शिष्यवृत्ती, अनुदान, परतफेडीचे साहाय्य, उपकरणे, प्रशिक्षण, दस्तऐवजीकरण, प्रकाशन किंवा विश्वस्तांना योग्य वाटेल अशा अन्य मार्गाने मदत करणे’ असे कलम लिहिता येईल. विषय तीन जिल्ह्यांपुरता असला तरी मदतीचा मार्ग पुढच्या पिढीला बदलता येतो.

हस्तकलेच्या बाबतीत इथे एक खबरदारी घ्यावी लागते. आपल्याकडील अनेक कला पिढ्यान्‌पिढ्या एखाद्याच समाजाच्या हातात राहिल्या आहेत, त्यामुळे न्यासपत्रात त्या समाजाचे नाव घालण्याचा मोह होतो. परंतु विशिष्ट धर्मसमूहाच्या किंवा जातीच्या लाभासाठी काढलेल्या धर्मादाय न्यासाला आयकरातील सूट नाकारली जाऊ शकते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या न्यासांना यात अपवाद आहे. तेव्हा कलमात समाजाऐवजी कलेचे नाव लिहावे. प्रत्यक्षात मदत त्याच घरांत पोहोचेल, आणि बाहेरून शिकायला येणाऱ्या मुलामुलीसाठीही दार उघडे राहील.

तिसरी पायरी : कायदेशीर रूप आणि नोंदणी

महाराष्ट्रात तीन मार्ग आहेत. न्यासपत्र करून सार्वजनिक न्यास स्थापन करता येतो, १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवता येते किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखाली नफा न वाटणारी कंपनी काढता येते. पहिल्या प्रकारात विश्वस्त मोजके असतात आणि संस्थापकाचा हेतू टिकतो. दुसऱ्यात सभासद आणि निवडणुका येतात. तिसऱ्यात शिस्त अधिक आणि कागदपत्रांचा खर्चही अधिक असतो. अनुदान देणे एवढेच काम असेल, तर मी न्यासाची शिफारस करेन. आपल्या राज्यात संस्था म्हणून नोंदणी केली तरी ती पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावीच लागते.

न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत या नोंदणीसाठी अर्ज करायचा असतो. विश्वस्त बदलला, पत्ता बदलला किंवा मालमत्ता वाढली, तर ९० दिवसांत बदल अर्ज दाखल करावा लागतो. हे बदल अर्ज वेळेवर न भरल्यामुळे किती जुने न्यास अडकून पडतात, हे धर्मादाय कार्यालयाच्या आवारात एक सकाळ घालवली तरी कळते. दिवंगत विश्वस्ताचे नाव वर्षानुवर्षे दप्तरात राहते आणि बँकेतील खाते कोणी चालवायचे हाच वाद होऊन बसतो. कोणी गावातील वाडा कलाकारांच्या निवासासाठी न्यासाला देऊ केला, तर हेही लक्षात ठेवावे की न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. वाडा स्वीकारण्याआधी त्याच्या डागडुजीचा खर्च कोण देणार, ते लेखी ठरवून घ्यावे.

आयकरात दोन वेगळ्या नोंदी लागतात. एक न्यासाच्या उत्पन्नाला सूट मिळावी म्हणून, दुसरी देणगीदाराला वजावट मिळावी म्हणून. जुन्या कायद्यात त्या ‘१२-अब’ आणि ‘८०-जी’ या कलमांनी ओळखल्या जात. १९६१ च्या कायद्याची जागा १ एप्रिल २०२६ पासून २०२५ च्या नव्या आयकर कायद्याने घेतल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे जुनी पुस्तिका समोर ठेवून अर्ज भरू नये. धर्मादाय न्यासांचे काम नियमित करणारा सनदी लेखापाल गाठावा. व्यापाऱ्यांचे हिशेब उत्तम ठेवणाऱ्याला हे काम येतेच असे नाही.

परदेशातील नातेवाइकांकडून पैसा येणार असेल, तर त्यांचे नागरिकत्व पाहावे. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परकीय देणगी ठरत नाही. मात्र तीच व्यक्ती अमेरिकेची किंवा ब्रिटनची नागरिक झाली असेल, तर परकीय अभिदाय कायद्याखालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी यांशिवाय तिच्याकडून एक रुपयाही घेता येत नाही. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि अनुदान देणे हेच ज्या न्यासाचे काम आहे त्याच्यासाठी हा मार्ग त्यामुळे जवळजवळ निरुपयोगी आहे.

चौथी पायरी : कायम निधी आणि वर्षाचे गणित

समजा, १ कोटी रुपयांचा कायम निधी आहे आणि त्यावर सरासरी ७ टक्के व्याज मिळते. वर्षाला ७ लाख रुपये हाती येतात. सूट टिकवण्यासाठी उत्पन्नाचा ८५ टक्के भाग, म्हणजे ५ लाख ९५ हजार रुपये, उद्देशांसाठी खर्च व्हावा लागतो. उरलेले १५ टक्के, म्हणजे १ लाख ५ हजार, विनाअट बाजूला ठेवता येतात. ते दरवर्षी मुद्दलात मिळवावेत, नाहीतर महागाईमुळे बारा-पंधरा वर्षांत निधीची खरी किंमत निम्म्यावर येते. लेखापरीक्षण, टपाल, प्रवास आणि परीक्षकांचे मानधन यांसाठी लाखभर रुपये धरले, तर प्रत्यक्ष वाटण्यासाठी ५ लाखांच्या आसपास उरतात. हा आकडा सुरुवातीलाच कागदावर पाहिला की ‘दरवर्षी दहा शास्त्रज्ञ, दहा कारागीर, दहा कलावंत’ अशा घोषणा आपोआप गळून पडतात. पाच लाखांत दोन किंवा तीन कामे नीट होतात.

कायम निधीसाठी आलेली देणगी तशीच आहे, असे देणगीदाराचे पत्र फाइलमध्ये असले पाहिजे आणि ती रक्कम कायद्याने मान्य केलेल्या प्रकारांतच गुंतवली पाहिजे. ओळखीच्या पतसंस्थेत चार आणे जास्त व्याज मिळते म्हणून न्यासाचा पैसा ठेवणे हे विश्वस्तांच्या अंगलट येऊ शकते. विश्वस्तांच्या नातेवाइकांना न्यासाचा लाभ देणे हाही सूट गमावण्याचा सोपा मार्ग आहे, मग पुतण्या कितीही गुणी सतारवादक असो.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचाही विचार करावा. मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के ज्या कामांवर खर्च करावे लागतात, त्यांच्या यादीत पारंपरिक कला आणि हस्तकला यांचे संवर्धन स्पष्ट शब्दांत आहे. मात्र कंपनीला बहुधा मार्चअखेर हिशेब मिटवायचा असतो, तर शिष्याला रियाजासाठी सात वर्षे हवी असतात. त्यामुळे या पैशातून उपकरणे, कार्यशाळा, ध्वनिमुद्रण अशी एका वर्षात पुरी होणारी कामे करावीत आणि दीर्घ पाठ्यवृत्ती मात्र कायम निधीच्या व्याजातूनच द्यावी.

पाचवी पायरी : विज्ञानासाठी देताना

होमी भाभा यांनी १२ मार्च १९४४ रोजी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची कल्पना मांडली, आणि १ जून १९४५ रोजी बंगळूरमध्ये त्या संस्थेचे काम सुरूही झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती मुंबईत आली. पत्रापासून कामापर्यंत जेमतेम सव्वा वर्ष लागले, आणि तेही महायुद्धाच्या काळात. न्यासाने एका माणसाची पात्रता ओळखून संस्थेचा पाया घातला, मुंबई सरकार आणि केंद्र सरकार सोबत आले, आणि कालांतराने मुख्य आर्थिक भार अणुऊर्जा विभागाकडे गेला. खासगी दानाचे विज्ञानातील उत्तम काम हेच आहे. सरकारी यंत्रणा पैसे द्यायला तयार होण्याआधीची पहिली काही वर्षे त्याने सांभाळावीत.

लहान न्यासाला संस्था काढता येणार नाही. पण विज्ञानात दीड-दोन लाखांना मोठा अर्थ असलेल्या जागा पुष्कळ आहेत. सह्याद्रीतील वनस्पतींची किंवा गोगलगायींची नोंद करणाऱ्या अभ्यासकाचा प्रवासखर्च, तालुक्याच्या महाविद्यालयातील चांगला सूक्ष्मदर्शक, हौशी आकाशनिरीक्षकांची दुर्बीण, जुन्या पर्जन्यनोंदींचे संगणकीकरण ही त्यांतली काही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईची मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करत आहे. अशा संस्थांमार्फत पैसा दिला, तर वैज्ञानिक तपासणीची जबाबदारी जाणकारांकडे राहते. मात्र एका न्यासाने दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेल्या देणगीचा केवळ ८५ टक्के भाग खर्च म्हणून धरला जातो, हा २०२३ मधील बदल हिशेबात घ्यावा.

संशोधकाला अनुदान देताना ते शक्यतो त्याच्या संस्थेच्या खात्यात द्यावे. संस्था व्यवस्थापन खर्च म्हणून किती टक्के कापणार, उपकरण शेवटी कोणाच्या मालकीचे राहणार आणि गोळा झालेली माहिती सर्वांना खुली होणार की नाही, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. उपकरण घेऊन देताना वार्षिक देखभालीचा खर्च धरला नाही, तर ते दुसऱ्या वर्षी कपाटात जाते. अहवालात ‘अपेक्षित परिणाम मिळाला नाही’ असे लिहिण्याची मोकळीक करारातच द्यावी. ती नसेल, तर संशोधक उत्तर आधीच ठाऊक असलेलेच प्रश्न घेऊन येतील.

पुण्यातील आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुलांसाठी जी विज्ञान शोधिका आहे, तिची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानाच्या देणगीतून झाली आणि तिला ‘पुलस्त्य’ हे नाव मिळाले. पुलस्त्य हा सप्तर्षींमधला एक तारा, आणि नावात ‘पुल’ही आहेतच. साहित्यिकाच्या लेखणीची आणि नाटकांची कमाई मुलांच्या प्रयोगशाळेला लागली, याहून नेमके उदाहरण मराठी वाचकाला द्यायची गरज नाही.

सहावी पायरी : हस्तकलेसाठी देताना

या पायरीवर सर्वाधिक चुका होतात, म्हणून ती सविस्तर लिहितो. कारागिराला दिलेली मदत बहुधा प्रशिक्षण शिबिराच्या रूपाने येते. पंधरा दिवसांचे शिबिर होते, तीस महिलांना प्रमाणपत्रे मिळतात, छायाचित्र छापून येते, आणि त्यानंतर त्या तीस जणींच्या मालाला गिऱ्हाईक कुठे आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. कौशल्याची वाण असते तिथे शिबिर उपयोगी पडते. येवल्याच्या विणकराला किंवा मिरजेच्या वाद्यकारागिराला कौशल्याची वाण नाही. त्याची अडचण अशी की त्याचा पैसा मालात अडकतो. भोपळे हंगामात घ्यावे लागतात, कित्येक महिने सुकवावे लागतात, त्यांतले काही तडकतात, आणि वाद्य विकले जाईपर्यंत घर चालवावे लागते. या मधल्या काळात तो सावकाराकडून किंवा व्यापाऱ्याकडून उचल घेतो आणि मग भाव ठरवण्याचा त्याचा हक्क संपतो.

त्यावर फिरता निधी हा उपाय आहे. जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये परदेशी उच्च शिक्षणासाठी जी योजना सुरू केली, तिच्यात विद्यार्थ्याला कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळे. तो परत फेडे आणि तोच पैसा पुढच्या विद्यार्थ्याला जाई. कारागिरांसाठी हीच रचना करता येते. समजा, ३ लाख रुपयांचा फिरता निधी आहे. हंगामाच्या सुरुवातीला सहा कारागिरांना प्रत्येकी ५० हजार रुपये बिनव्याजी द्यावेत, वाद्य विकल्यावर हप्त्यांनी परत घ्यावेत, आणि एका वर्षी पाऊस-पाण्याने माल बिघडला तर मुदत वाढवण्याची तरतूद ठेवावी. परत आलेली रक्कम त्या वर्षीचे उत्पन्न धरली जाते, म्हणून ती पुन्हा वाटण्याचे वेळापत्रक लेखापालाला आधी सांगून ठेवावे.

दुसरा मार्ग खरेदीचा आहे. न्यासाने संगीत विद्यालयांसाठी दरवर्षी चार तंबोऱ्यांची मागणी वर्षभर आधी, निम्मी रक्कम आगाऊ देऊन नोंदवली, तर एकाच पैशातून कारागिराला काम आणि विद्यार्थ्यांना वाद्य मिळते. भाव पाडून घेऊ नये. त्या कलेतील उत्तम कामाचा जो चालू भाव असेल तो द्यावा आणि त्याबदल्यात गुणवत्तेबाबत काटेकोर राहावे. तिसरी गोष्ट शागिर्दाची. घरातला मुलगा कारखान्यात नोकरीला गेला, की कला त्या घरात थांबते. उस्तादाला शिकवण्याचे मानधन आणि शागिर्दाला दोन-तीन वर्षे विद्यावेतन, असे दोघांनाही एकत्र द्यावे. एकालाच दिले, तर शागिर्द फुकटचा मजूर होतो किंवा उस्तादाला शिकवण्यात रस उरत नाही.

सरकारी योजना पाहून ठेवाव्यात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांसाठी प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. चर्मकार, कुंभार, सुतार, खेळणी बनवणारे या यादीत आहेत, म्हणजे कोल्हापुरी चपला किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी करणाऱ्यांना न्यासाने केवळ अर्ज भरायला मदत केली तरी पुरते. विणकर आणि वाद्यकारागीर मात्र त्या अठरांत स्वतंत्रपणे नाहीत. विणकरांसाठी हातमागाच्या वेगळ्या योजना आहेत. वाद्यकारागीर तसाच राहतो, आणि न्यासाने आपला पैसा अशाच फटीत घालावा.

भौगोलिक मानांकनाबद्दलही, म्हणजे एखादी वस्तू ठरावीक प्रदेशाचीच आहे या कायदेशीर ओळखीबद्दलही, थोडे सांगायला हवे. कोल्हापुरी चपलांना २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या चार-चार जिल्ह्यांसाठी मिळून मानांकन मिळाले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्यालाही आता ते आहे. मानांकन मिळाले म्हणजे भाव वाढला, असे मात्र होत नाही. प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावे लागते, आणि त्या कागदपत्रांसाठी एक माणूस वर्षभर पगारावर ठेवणे, हे कितीतरी शिबिरांपेक्षा उपयोगी अनुदान ठरेल.

न्यासाने स्वतः दुकान काढावे का? शक्यतो नाही. ‘सर्वसाधारण लोकोपयोगी कार्य’ या वर्गातील न्यासाची व्यापारी स्वरूपाची मिळकत एकूण उत्पन्नाच्या २० टक्क्यांपलीकडे गेली, तर त्या वर्षी सूट धोक्यात येते. विक्रीसाठी कारागिरांचीच सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी उभी राहू द्यावी. अहिल्याबाई होळकरांच्या महेश्वरात रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेहवा ही संस्था काढली. थोड्या मागांवर स्त्रियांना विणकाम शिकवण्यापासून तिची सुरुवात झाली. माहेश्वरी साडी शहरांतील गिऱ्हाइकांपर्यंत नेण्याचे काम संस्थेनेच अंगावर घेतले, आणि आज महेश्वरात मागांचा आवाज ऐकू येतो त्यात त्या प्रयत्नाचा वाटा मोठा आहे. कच्छमध्ये २०१४ पासून चालणारी सोमैया कला विद्या ही संस्था कारागिरांना आराखडा आणि व्यवसाय शिकवते. ती त्यांना वर्षभर वर्गात बसवत नाही, थोड्या-थोड्या आठवड्यांची सत्रे घेऊन मधल्या काळात घरचा माग चालू राहू देते. वेळापत्रक कारागिराच्या हंगामाप्रमाणे असावे, एवढी एक गोष्ट पाळली तरी निम्मे काम होते.

सातवी पायरी : कलांसाठी देताना

कलेत वेळ आणि जागा या दोनच गोष्टी न्यासाने द्याव्यात, बाकीचे कलावंत पाहून घेतो. कोलकात्यातील आयटीसी संगीत संशोधन अकादमीत गुरू परिसरातच राहतात आणि निवडलेल्या शिष्यांना विद्यावेतन मिळते. जुन्या गुरुकुलाला कंपनीच्या पैशाचा आधार मिळालेली ही रचना आहे. लहान न्यासाने एकच शिष्य निवडावा, पण त्याला पाच वर्षे सांभाळावे. पाच जणांना एकेक वर्ष देण्यापेक्षा हे मला अधिक योग्य वाटते.

जागेचे मोठे उदाहरण म्हणजे नरिमन पॉइंटचे राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्र. जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने ते १९६९ मध्ये स्थापन झाले, आणि १९८० मध्ये उघडलेल्या टाटा थिएटरची रचना करतानाच ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांना सोबत घेतले होते. पु. ल. देशपांडे तिथे मानद संचालक होते. तालुक्याच्या गावात याची प्रतिकृती कोणी करणार नाही, पण शाळेच्या सभागृहाचा प्रतिध्वनी मारण्यासाठी पडदे आणि छताला शोषक फळ्या लावून देणे हे दोन लाखांत होऊ शकते, आणि त्याने गावातील प्रत्येक कार्यक्रम सुधारतो.

दस्तऐवजीकरणाला पैसे देताना ध्वनिमुद्रणाचा हक्क कोणाचा, हे कलावंताच्या भाषेत लिहून सही घ्यावी. लोककलावंतांच्या बाबतीत हे सर्रास राहून जाते. मुद्रण संशोधनासाठी खुले, व्यापारी वापरासाठी कलावंताची परवानगी आणि मानधन आवश्यक, एवढा करार बहुधा पुरेसा असतो. अनुदानाच्या पद्धती शिकायच्या असतील, तर १९९३ मध्ये बंगळूरला स्थापन झालेल्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचे कार्यक्रम पाहावेत. संशोधन, सादरीकरण, शिक्षण आणि संग्रहालये यांसाठी तिथे वेगवेगळ्या अटी आहेत.

भाभांनी मूलभूत संशोधन संस्थेत आणखी एक गोष्ट केली. संस्थेच्या खर्चाचा एक टक्का चित्रे आणि शिल्पे घेण्यासाठी वापरण्याची परवानगी त्यांनी मिळवली, त्यामुळे कुलाब्याच्या त्या इमारतीत हुसेन यांच्या भित्तिचित्रासह आधुनिक भारतीय चित्रकलेचा मोठा संग्रह आहे. विज्ञानाला दिलेल्या प्रत्येक अनुदानात एवढासा वाटा कलेसाठी ठेवण्याची अट न्यासालाही घालता येईल. पाहणी अहवालात व्यंगचित्रकाराची किंवा चित्रकाराची रेखाटने घेणे, हे त्याचे साधे रूप.

आठवी पायरी : निवड, करार आणि हप्ते

अर्ज दोन पानांचा आणि मराठीत असावा. कारागिराने प्रस्ताव लिहावा ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याने फोनवर बोलून ध्वनिफीत पाठवावी किंवा न्यासाच्या माणसाने घरी जाऊन लिहून आणावे. निवड समितीत त्या विषयातील दोन जाणकार आणि एक बाहेरचा असावा, त्यांना मानधन द्यावे, आणि ज्याचा शिष्य किंवा नातेवाईक अर्जदार आहे त्याने त्या चर्चेपुरते बाहेर जावे. नाकारलेल्या अर्जदाराला कारणासह पत्र जावे. तीन ओळींचे पत्र लिहायला पाच मिनिटे लागतात, आणि पुढच्या वर्षी चांगला अर्ज येतो.

हप्ते कामाच्या स्वरूपाप्रमाणे ठरवावेत. संशोधकाला ५०-४०-१० असे तीन हप्ते चालतात. कच्चा माल घेणाऱ्या कारागिराला मात्र ८० टक्के आधीच लागतात, नाहीतर तो पुन्हा व्यापाऱ्याकडेच जातो. गायकाला दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे मिळणे सर्वांत महत्त्वाचे. हिशेब कसा हवा हे पहिल्याच दिवशी दाखवावे. आठवडी बाजारात लाकूड विकणारा पावती देत नाही, तेव्हा दोन साक्षीदारांच्या सहीचे साधे व्हाउचर चालेल, असे लेखापरीक्षकाकडून आधी मान्य करून घ्यावे. वर्षातून एकदा विश्वस्तांनी प्रत्यक्ष भेट द्यावी, आणि ती कारखान्यात, प्रयोगशाळेत किंवा रियाजाच्या खोलीत द्यावी, कार्यक्रमाच्या मंचावर नव्हे.

नववी पायरी : हात काढून घेणे

प्रत्येक अनुदानाच्या करारात ते कधी संपेल आणि संपल्यावर काम कशावर चालेल, हे लिहावे. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाच्या अनुदानावर सुरू झाले आणि पुढे सरकारी निधीवर गेले. परळचे टाटा रुग्णालय १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे सोपवले गेले. दोन्ही ठिकाणी न्यासाने आपले नाव आणि हट्ट बाजूला ठेवला. लहान न्यासासाठी याचा अर्थ असा की फिरता निधी दहा वर्षांनी कारागिरांच्या सहकारी संस्थेच्या ताब्यात जाईल, शिष्य पाचव्या वर्षानंतर स्वतःच्या मैफलींवर राहील, आणि शाळेची दुर्बीण तिसऱ्या वर्षी शाळेच्या मालमत्ता नोंदवहीत चढेल. या तिन्ही तारखा न्यासाच्या इतिवृत्तात आजच लिहून ठेवाव्यात, आणि दर मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडताना ते पान उघडून पाहावे.